गोंगाटातल्या माणसापर्यंत आगीचा इशारा

फायर अलार्मच्या कामात मी बरीच वर्षं आहे. ऑफिस, गोदाम, इस्पितळ अशा ठिकाणी हूटर कुठे आणि किती लावायचे हे ठरवणं तसं सरळ असतं, कारण इमारत मुळात शांत असते. हूटर वाजला की माणूस मान वर करतो. फोर्जिंग (तापवलेला धातू ठोकून घडवणं) आणि प्रेस शॉप असलेल्या एका कारखान्याची जुनी यंत्रणा बदलायचं काम आलं, तेव्हा पहिल्या बैठकीत मला सांगण्यात आलं, "डिटेक्टर नवे, पॅनल नवं, आणि हूटर बाजारात असतील त्यातले सगळ्यात मोठ्या आवाजाचे." पहिल्या दोन गोष्टींवर काही बोलायचं नव्हतं. तिसऱ्या गोष्टीवर मी थोडा वेळ मागून घेतला.

मागच्या मॉक ड्रिलची नोंद त्यांनी जपून ठेवली होती. ऑफिस आणि स्टोअर चटकन रिकामं झालं होतं. प्रेस शॉपमध्ये मात्र सुपरवायझर हात हलवत एकेका लाइनीतून फिरला, तेव्हा कुठे मशीन थांबल्या. हूटर नादुरुस्त नव्हते. दोन्ही मोठ्या दारांवर ते जोरात वाजत होते, पण माणसं दारात काम करत नव्हती.

म्हणून मी आधी हूटरचे कॅटलॉग बाजूला ठेवले आणि साउंड लेव्हल मीटर घेऊन शॉपमध्ये गेलो. मोजमाप जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, म्हणजे साधारण कानाच्या पातळीवर घ्यायचं असतं, आणि 'ए-वेटेड' डेसिबलमध्ये, म्हणजे माणसाचा कान ज्या स्वरांना जास्त दाद देतो त्यांना जास्त वजन देऊन. एनएफपीए ७२ या अमेरिकन संहितेत सरासरी गोंगाट कसा काढायचा तेही स्पष्ट आहे: त्या जागी माणूस असतो तेवढा काळ किंवा २४ तास, यांतला जो कमी असेल तेवढ्या काळाची सरासरी. दुपारी फेरफटका मारून चार आकडे टिपले की झालं, असं इथे चालत नाही. रात्रपाळीत जड जॉब, म्हणजे घडवायचे तुकडे, लावले जात होते, त्यामुळे प्रेस शॉपचा रात्रीचा आकडा दिवसापेक्षा वर गेला. आखणी मी रात्रीच्या आकड्यावर केली.

प्रेस शॉप सरासरी ९४ डेसिबल. ग्राइंडिंग ९८. कंप्रेसर रूम १०१. हॅमर, म्हणजे घणाची मशीन, चालू असताना हॅमर बे (शेडचा तो भाग) १०६.

आता हिशोब पाहा. त्याच संहितेनुसार इशारा सरासरी गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर हवा, किंवा निदान ६० सेकंद टिकणाऱ्या कमाल आवाजापेक्षा ५ डेसिबल वर. दोहोंतलं जे जास्त भरेल ते. प्रेस शॉपला ९४ अधिक १५ म्हणजे १०९. पण गोंगाट आणि इशारा मिळून ११० च्या पुढे जायचं नाही, अशी वरची मर्यादाही आहे. ती कानाच्या रक्षणासाठी आहे आणि माझ्या मते ती अगदी रास्त आहे. म्हणजे प्रेस शॉपमध्ये हातात एक डेसिबलची फट उरते. ग्राइंडिंगमध्ये तीही नाही. सरासरी गोंगाट १०५ च्या वर असेल तिथे दिव्याचा इशारा सक्तीचाच आहे, त्यामुळे हॅमर बेपुरता तो प्रश्न आपोआप निकाली निघाला.

"मोठा हूटर लावा" म्हणणाऱ्यांना अंतराचा हिशोब सांगावाच लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. शेडमध्ये पत्र्यावरून, भिंतींवरून आवाज परततो म्हणून उतार थोडा कमी असतो, पण असतोच. दारावरचा प्रचंड हूटर आतल्या शेवटच्या प्रेसपर्यंत पुरवायचा म्हटलं, तर दारापाशी पॅकिंग करणाऱ्यांच्या कानाचे पडदे पणाला लागतात. एकाच जागी एकाचे दोन हूटर केले तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. उपयोग होतो तो मध्यम आवाजाचे हूटर माणसांच्या जवळ, दाट अंतराने लावण्याचा. केबल जास्त लागते, खर्च वाढतो. मी तो वाढू दिला.

पण तेवढ्याने ९४ चे १०९ होत नव्हते, आणि व्हावेत असं मला वाटतही नव्हतं. कानाशी १०९ डेसिबल अचानक सुरू झाले तर माणूस दचकतो, आणि त्याचा हात त्या क्षणी कुठे असेल सांगता येत नाही. मग मी गोंगाटाची फोड केली. मीटरवर ऑक्टेव्ह बँड लावले की एकच आकडा दिसण्याऐवजी आवाज खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. प्रेस शॉपमध्ये ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात ८७ डेसिबल होते, १००० च्या पट्ट्यात ८४, २००० च्या पट्ट्यात ८८ आणि ४००० च्या पट्ट्यात ९०. म्हणजे खालच्या बाजूला प्रेसची धडधड, वरच्या बाजूला कसला तरी सूं आवाज, आणि मध्ये १००० हर्ट्झपाशी दरी.

कामाच्या जागेवरच्या धोक्याच्या इशाऱ्यांसाठी आयएसओ ७७३१ हे मानक आहे. त्यात ए-वेटेड १५ डेसिबलला पर्याय दिलेला आहे. एखाद्या ऑक्टेव्ह पट्ट्यात इशारा झाकोळमर्यादेपेक्षा निदान १० डेसिबल वर असला तरी चालतो. झाकोळमर्यादा म्हणजे गोंगाटात तो स्वर जेमतेम जाणवू लागतो ती पातळी. ती काढताना खालच्या पट्ट्याचा प्रभाव वरच्या पट्ट्यावर धरावा लागतो, कारण खालचा दणदणीत स्वर वरच्या स्वरांना दाबतो. तो प्रभाव दर ऑक्टेव्हला ७.५ डेसिबलने ओसरतो. ५०० चे ८७ वजा ७.५ म्हणजे ७९.५, १००० च्या पट्ट्यातला स्वतःचा गोंगाट ८४, म्हणजे त्याहून जास्त. तर मर्यादा ८४, आणि इशाऱ्याला हवेत ९४. सगळा मिळून १०९ पाहिजे होता, तिथे योग्य स्वर निवडल्यावर ९४ पुरतो! मी थोडी सूट ठेवून ९७ धरले. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मला खरोखर आनंद झाला, कारण इथून पुढे काम शक्य दिसू लागलं.

स्वर निवडायला दुसरंही कारण होतं. ग्राइंडिंगमध्ये सगळ्यांत जुने ऑपरेटर, त्यांना सगळे मामा म्हणतात. मी त्यांना चहाच्या सुट्टीत विचारलं, "मामा, भोंगा झाला की तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणाले, "साहेब, भोंगा मला ऐकूच येत नाही. समोरच्या लाइनीवरचा पोरगा हातमोजे काढायला लागला, की मी मशीन बंद करतो." मी तिथंच समोरच्या लाइनीकडे पाहिलं. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात तो एकच पोरगा येत होता, आणि त्याची मशीन आठवड्यातून काही दिवस बंद असायची.

वर्षानुवर्षं गोंगाटात राहिलेल्या कानाची श्रवणशक्ती आधी जाते ती ४००० हर्ट्झच्या आसपास. इअरमफ आणि इअरप्लगसुद्धा उंच स्वर जास्त अडवतात, खालचे कमी. आणि बाजारातले स्वस्त छोटे पिझो हूटर ओरडतात सुमारे ३००० हर्ट्झला, म्हणजे थकलेला कान आणि वर मफ या दोन्हींचा मार खाणाऱ्या पट्टीत. जुने हूटर तसेच होते. आयएसओ ७७३१ म्हणतं की इशारा ५०० ते २५०० हर्ट्झमध्ये असावा, आणि मफ घालणाऱ्यांसाठी व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी त्यात १५०० हर्ट्झच्या खालचा पुरेसा जोर असावा. मी १००० हर्ट्झच्या आगेमागे बसणारा स्वर घेतला. "लोकांनी मफ थोडे सैल ठेवावेत" अशी सूचना बैठकीत एकाने केली होती. ती मी तिथेच नाकारली. माणसाने आपलं संरक्षण काढून इशारा ऐकायचा असेल, तर तो इशारा चुकीचा आखलेला आहे.

ठेक्यावर मात्र वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला. बाहेर पडण्याच्या इशाऱ्यासाठी आयएसओ ८२०१ मधला तीनचा ठेका सर्वत्र ओळखला जातो: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असं तीनदा, आणि तिसऱ्या ठोक्यानंतर दीड सेकंद शांतता. पूर्ण फेरा ४ सेकंदांचा. एक प्रेस मिनिटाला साधारण ६० स्ट्रोकने चालत होती, म्हणजे सेकंदाला एक दणका. इशाऱ्याचे ठोकेही एकेका सेकंदाच्या अंतराने. दणका नेमका ठोक्यावर पडला, तर पुढचे कितीतरी ठोके ओळीने दणक्याखाली जातात. प्रेस अगदी घड्याळासारखी ६० वर चालत नाही म्हणून ते हळूहळू सरकतं आणि मग इशारा मोकळा ऐकू येतो. पण तोवर वेळ जातो. नमुन्याचा हूटर लावून मी त्या प्रेसशेजारी उभा राहिलो आणि हे स्वतः ऐकलं. ठेका बदलायचा नाही हे पक्कं होतं, कारण क्रेनचा सायरन, फोर्कलिफ्टचा मागे येतानाचा बीप, मशीनचे बझर या सगळ्यांत वेगळं ओळखू यायला तो ठेकाच लागतो. म्हणून आवाजावर एकट्यावर भिस्त ठेवायची नाही, हे तिथे ठरलं.

दिव्यांचं काम नकाशावर बसून होत नाही. युरोपातल्या ईएन ५४-२३ मध्ये निकष आहे की इशाऱ्याच्या दिव्याचा झोत त्याच्या क्षेत्रात सगळीकडे निदान ०.४ लक्स (लक्स हे उजेडाचं माप) पडला पाहिजे. एनएफपीएमधला मूळ आकडा त्यांच्या मापात जवळजवळ तेवढाच भरतो. खोलीत बसलेल्या माणसाला भिंतीवर पडलेली झगमग जाणवावी, त्याने दिव्याकडेच पाहायला हवं असं नाही, ही त्यामागची कल्पना. पण ग्राइंडिंगच्या टेबलावर कामाचा उजेडच शेकडो लक्स असतो, ठिणग्या उडत असतात, तोंडावर शील्ड असतं आणि नजर खाली जॉबवर. तिथे भिंतीवरचे ०.४ लक्स कुणाला जाणवणार? म्हणून मी प्रत्येक जागेवर ऑपरेटरच्या ठिकाणी उभा राहिलो, त्याच्यासारखी मान खाली घातली, आणि हेल्परला नमुन्याचा दिवा हातात देऊन वेगवेगळ्या जागी धरायला सांगितलं. ग्राइंडिंगमध्ये दिवे शेवटी टेबलासमोरच्या पत्र्याच्या आडोशावर, नजरेपेक्षा थोडेच वर आले. उंच छतावर लावायचा ठेकेदाराचा आग्रह होता, कारण तिथे केबल ट्रे आधीच होता. छतावरचा दिवा अंतरामुळे फिका पडतो, अंतर दुप्पट की उजेड चौथाई, आणि क्रेन मध्ये आली की तोही दिसत नाही.

रंगाचा प्रश्न साधा निघाला. पिवळे दिवे फोर्कलिफ्टवर होते, लाल-पिवळे-हिरवे मशीनच्या टॉवर लॅम्पवर, निळसर झगमगाट वेल्डिंगचा. आगीसाठी पांढरा स्ट्रोब, म्हणजे झपकन चमकणारा दिवा, ठेवला आणि शॉपमध्ये इतर कशालाही लुकलुकणारा पांढरा दिवा वापरायचा नाही, असा नियम सेफ्टी ऑफिसरांनी लगेच काढला. एका नजरेत दोनपेक्षा जास्त दिवे येणार होते, तिथे ते सगळे एकाच वेळी चमकतील असे सिंक्रोनाइज केले. वेगवेगळे चमकणारे दिवे मिळून झपाट्याने लुकलुकणारा उजेड तयार होतो आणि फिटचा त्रास असलेल्या माणसाला त्याने झटका येऊ शकतो.

आता त्या सूं आवाजाकडे येतो. या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला तिथे सापडली. २००० आणि ४००० हर्ट्झच्या पट्ट्यांतला जोर प्रेसचा नव्हता. तो हवेचा होता. डायमधून, म्हणजे प्रेसच्या साच्यातून, जॉब उडवायला हवेचे नोझल लावलेले होते, शिवाय बऱ्याच जोडांतून हवा गळत होती. इशारा झाला की नोझलच्या लाइनची हवा तोडली तर? मेंटेनन्सला सांगून एका लाइनवर हाताने व्हॉल्व्ह बंद करून पाहिला. ९४ चे ८९ झाले, तेही तत्क्षणी. त्याच लाइनच्या प्रेस थांबवल्यावर ७८. इशाऱ्याचा आवाज १६ डेसिबलने वाढवणं मला कुठल्याही हूटरने जमलं नसतं. गोंगाट तेवढा खाली आला, आणि माणसाला आपसांत ओरडून "चला बाहेर" म्हणता येईल अशी शांतता मिळाली. एनएफपीए ७२ मध्येही इशाऱ्याच्या वेळी गोंगाट थांबवायला किंवा कमी करायला रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडण्याची तरतूद आहे. त्या जोडणीला अलार्मच्या बाकी वायरिंगइतकेच कडक नियम लागतात.

प्रॉडक्शन हेडना हे पटवणं सोपं नव्हतं. ते म्हणाले, "तुमचा एक डिटेक्टर धुळीने खोटा बोलला, तर माझी अख्खी पाळी बसते." त्यांची भीती खरी होती. मार्ग असा काढला: एका डिटेक्टरवर पॅनलवर आणि सुपरवायझरकडे सूचना, दुसऱ्या डिटेक्टरने दुजोरा दिला, किंवा कुणी मॅन्युअल कॉल पॉइंट दाबला, की पूर्ण इशारा, हवा बंद, प्रेस बंद. कॉल पॉइंटला थांबा लावायला मी नकार दिला. ज्वाळा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या हाताखालचं बटण कुणाच्या दुजोऱ्याची वाट पाहणार नाही.

काय थांबवायचं याच्या यादीपेक्षा काय थांबवायचं नाही याच्या यादीला जास्त बैठका लागल्या. प्रेस मध्येच नाही, रॅम, म्हणजे तिचा वरखाली होणारा भाग, वर येऊन थांबली पाहिजे. सगळा कंप्रेसरच बंद करा, हे सुचायला सोपं, पण हवेच्या दाबावर धरलेले क्लॅम्प सुटून जॉब खाली आला असता. म्हणून फक्त नोझलच्या लाइनवर वेगळा, विजेने उघड-बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. इंडक्शन हीटरची वीज तोडायची, पण कॉइलचं पाणी चालू ठेवायचं. क्रेनवर भार लटकत असेल तर वीज तोडायची नाही, ऑपरेटरने तो खाली ठेवायचा. भट्टीचे ब्लोअर भट्टीवाल्यांच्या सल्ल्याशिवाय शिवायचे नाहीत. शिवाय प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे जड फिरतं चाक, लगेच थांबत नाही. आवाज उतरायला थोडे सेकंद जातात, आणि तेवढे सेकंद दिव्याने सांभाळायचे.

कंप्रेसर रूममध्ये सहसा एकच माणूस असतो, तोही मशीनच्या मागे वाकलेला. दिवे लावले तरी मागे सावली उरते. तिथे जाणाऱ्याने कमरेला लावायचा थरथरणारा रिसीव्हर ठेवला, दाराशेजारच्या हुकवर, वर्क परमिटसोबतच हातात येईल असा. बोललेल्या सूचना, म्हणजे स्पीकरवरचं "कृपया बाहेर पडा", प्रेस शॉपमध्ये मी घेतल्याच नाहीत. एवढ्या गोंगाटात शब्द कळत नाहीत, आणि अर्धवट कळलेला शब्द घोटाळा करतो. कपडे बदलायची खोली, ऑफिस, जमण्याची जागा इथे स्पीकर आहेत.

विजेचा हिशोब नेहमीचाच, पण दिवे वाढले की तो अंगावर येतो. बॅटरी उतरत आल्यावर पॅनलकडून २०.४ व्होल्टच मिळतात असं धरायचं आणि शेवटच्या दिव्याला निदान १६ व्होल्ट पोचले पाहिजेत. मधल्या ४.४ व्होल्टमध्ये सगळी केबल बसवायची. व्होल्टेज पडलं की स्ट्रोब जास्त करंट ओढतात, त्याने व्होल्टेज आणखी पडतं. लांब शेडला एकाऐवजी दोन पॉवर सप्लाय दिले.

चाचणी पूर्ण उत्पादन चालू असताना घेतली, आणि रात्रपाळीतही. नेमकी वेळ न सांगता फक्त दिवा आणि हूटर सुरू केले, मशीन थांबवण्याची जोडणी मुद्दाम वेगळी ठेवून. ज्याला कळलं त्याने हात वर करायचा, एवढंच पाळीच्या सुरुवातीला सांगितलं होतं. ग्राइंडिंगमध्ये मामांचा हात समोरच्या पोराच्या आधी वर गेला. बिलेट (धातूचे कच्चे ठोकळे) कापायच्या शिअर मशीनमागे मात्र एकाचा हात वर आला नाही. तिथे पॅलेटची थप्पी छातीच्या वर चढली होती आणि दिवा तिच्याआड गेला होता. दिवा दुसऱ्या भिंतीवर हलवला, आणि थप्पीची उंची किती ठेवायची याची रेघ खांबावर रंगवून घेतली. मग जोडणी चालू करून पूर्ण फेरी घेतली. हवा तुटली, रॅम वर थांबल्या, आणि सुपरवायझर लाइनीतून फिरेपर्यंत माणसं दाराकडे निघाली होती.

शिअर पुढच्या शटडाउनमध्ये दुसऱ्या बेमध्ये जाणार आहे आणि तिच्या जागी शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून जॉब साफ करणारी मशीन) येणार आहे. ब्लास्टिंगचा गोंगाट वेगळ्या पट्ट्यात बसतो. १००० हर्ट्झची दरी तिथे भरून निघालेली असू शकते. म्हणून मशीन बदलाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून घेतला आहे, आणि नव्या जागचे बँड मोजून होईपर्यंत तिथला हूटर कायम करू नये, असं मेंटेनन्सला लिहून दिलं आहे.